मोडलेली अक्षरे : वऱ्हाडातील लेखनपरंपरा आणि जपानी अक्षरकला यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना :

लिपीचा इतिहास बहुधा अक्षरांच्या आकारांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणत्या अक्षराचे वळण कशावरून आले आणि कोणत्या शतकात ते कसे बदलले, याच्या तक्त्यांनी लिपिशास्त्राचे ग्रंथ भरलेले असतात. हा अभ्यास आवश्यक आहे. परंतु एखादी लिपी का टिकते, का मागे पडते आणि मागे पडल्यावर समाजाचे नेमके काय हरवते, या प्रश्नांची उत्तरे त्या तक्त्यांत सापडत नाहीत. त्यासाठी लिपी कोणाच्या हातात होती, कोणत्या कामासाठी वापरली जात होती आणि ती कोण कोणाला शिकवीत होते, हे पाहावे लागते.

वऱ्हाड हा प्रदेश या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. वाकाटकांचे ताम्रपट, रिद्धपूरच्या महानुभाव आश्रमांतील सांकेतिक लिपीतील पोथ्या आणि महसुली दप्तरातील मोडी अशा तीन अगदी वेगळ्या लेखनपरंपरा या एकाच भूभागात नांदल्या. मराठीतील लिपिविषयक लेखनात त्यांचा विचार स्वतंत्रपणे झाला असला, तरी त्यांना एकत्र ठेवून प्रश्न विचारण्याचा प्रयत्न क्वचितच झालेला दिसतो. येथे तो जपानी लेखनपरंपरेच्या तुलनेने केला आहे. लेखनाला कलेचा दर्जा देणारा देश म्हणून जपानचे उदाहरण मराठीत अनेकदा आदराने दिले जाते. त्या आदराच्या पलीकडे जाऊन पाहिले असता जपानचा अनुभव वऱ्हाडातील लेखनपरंपरेविषयीच्या काही रूढ समजुती तपासण्यास उपयोगी पडतो, आणि एक इशाराही देतो.

जपानी लेखनाची वाटचाल :

जपानी भाषेला स्वतःची लिपी नव्हती. कोरियाच्या मार्गाने चिनी अक्षरे जपानात पोहोचली. इनारियामा येथील थडग्यात सापडलेल्या आणि सामान्यतः इ. स. ४७१ चा मानल्या जाणाऱ्या तलवारीवरील लेखात जपानी व्यक्तिनामे चिनी अक्षरांच्या केवळ उच्चारमूल्याने लिहिलेली दिसतात. आठव्या शतकात ‘कोजिकी’ (इ. स. ७१२) हा ग्रंथ सिद्ध झाला आणि पुढे ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहात चिनी अक्षरे ध्वनिचिन्हे म्हणून वापरण्याची पद्धत इतकी रुळली, की तिला ‘मान्योगाना’ असे नावच मिळाले.

एका ध्वनीसाठी संपूर्ण चिनी अक्षर लिहिणे कष्टाचे होते. त्यातून दोन वाटा फुटल्या. बौद्ध भिक्षूंनी सूत्रग्रंथांच्या ओळींमध्ये उच्चाराच्या खुणा करताना अक्षराचा एखादाच अवयव घेतला. त्यातून काताकाना ही कोनदार लिपी घडली. दुसरीकडे संपूर्ण अक्षर वेगाने, हात न उचलता लिहिता लिहिता त्याचे रूप वितळत गेले. त्यातून हिरागाना ही वळणदार लिपी तयार झाली. दरबारातील पुरुष शासकीय आणि विद्वत्तेचे लेखन चिनी भाषेत करीत. म्हणून हिरागानाला ‘स्त्रियांचा हात’ असे म्हटले गेले. परंतु याच हाताने अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबु हिने ‘गेंजी मोनोगातारी’ लिहिली. त्यापूर्वी, सुमारे ९३५ मध्ये, की नो त्सुरायुकी या पुरुष कवीने ‘तोसा निक्की’ हे प्रवासवर्णन लिहिताना स्त्रीची भूमिका घेऊन कानामध्ये लिहिणे पसंत केले. याच काळात ओनो नो मिचिकाझे, फुजिवारा नो सुकेमासा आणि फुजिवारा नो युकिनारी या तीन लेखनाचार्यांनी चिनी वळणांपासून वेगळी, जपानी म्हणता येईल अशी अक्षरशैली घडविली.

या इतिहासात भारताचाही एक धागा आहे. इ. स. ८०४ मध्ये चीनला गेलेला कूकाई हा भिक्षू ८०६ मध्ये परतला, तो सिद्धम् लिपीचे ज्ञान घेऊन. ब्राह्मीकुलातील ही लिपी जपानच्या शिंगोन पंथात मंत्रलेखनासाठी आजही वापरली जाते. जपानी ध्वनींची ‘अ, इ, उ, ए, ओ’ आणि पुढे ‘क, स, त, न, ह, म, य, र, व’ ही मांडणी संस्कृत वर्णमालेच्या क्रमावर आधारलेली आहे. तेथील ‘स’ हा मूळ ‘च’वर्गाच्या आणि ‘ह’ हा ‘प’वर्गाच्या जागी आहे, हे लक्षात घेतले की दोन्ही क्रम जुळतात. महाराष्ट्रातील पंतोजीच्या शाळेत मुलाच्या हाती धूळपाटी देताना ‘ॐ नमः सिद्धम्’ गिरवून घेत. त्या मंत्राचाच अपभ्रंश ‘ओनामा’ हा शब्द आजही मराठीत आरंभ या अर्थाने वापरला जातो. वऱ्हाडातील मुलाच्या पाटीवरील सिद्धम् आणि जपानी मठातील सिद्धम् यांचे उगमस्थान एकच आहे.

ताम्रपटावरील अक्षर :

वऱ्हाडातील लेखनाचा ठळक पुरावा वाकाटककालीन ताम्रपटांत मिळतो. वाशीम, म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. तेथे मिळालेल्या द्वितीय विंध्यशक्तीच्या ताम्रपटात संस्कृतबरोबर प्राकृताचाही वापर आहे. अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळील चम्मक येथे मिळालेला द्वितीय प्रवरसेनाचा ताम्रपट त्याच्या अठराव्या राज्यवर्षातील असून त्यात भोजकट प्रदेशातील चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद आहे. जे. एफ. फ्लीट यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गुप्त लेखांच्या संग्रहात आणि वा. वि. मिराशी यांनी १९६३ मधील वाकाटक लेखांच्या संग्रहात त्याचे वाचन दिले आहे.

या ताम्रपटांतील अक्षरांच्या डोक्यावर लहान चौकोनी पेटीसारखा आकार असतो, म्हणून या लिपीला पेटिकाशीर्षक म्हणतात. वाचनाच्या दृष्टीने या पेटीचा काहीही उपयोग नाही. प्रत्येक अक्षरावर ती कोरण्यास कारागिराला जास्तीचे श्रम पडत असणार. तरीही ती कोरली जाई, कारण दानपत्राला राजसत्तेची मुद्रा हवी होती. अक्षर सुंदर असावे, ही जाणीव वऱ्हाडात किमान दीड हजार वर्षे जुनी आहे, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. अक्षरकला ही पूर्वेकडील देशांची मिरास आणि आपल्याकडे लेखन केवळ व्यवहारापुरते, हा समज या एका पुराव्यानेही टिकत नाही.

रिद्धपूर : भाषेचे दार आणि लिपीचे कुलूप :

तेराव्या शतकात मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे केंद्र झाले. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांचे वास्तव्य येथे होते. म्हाइंभटाने चक्रधरांच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, तेही येथेच. महदाइसेचे ‘धवळे’ हे मराठीतील आद्य कवयित्रीची रचना म्हणून ओळखले जातात, आणि त्यांचा संबंधही रिद्धपुराशी आहे. नागदेवाचार्यांनी पंथातील विद्वानांना संस्कृताऐवजी मराठीचा आग्रह धरला. संस्कृतामुळे सामान्य भाविक, विशेषतः वृद्ध स्त्रिया, ज्ञानापासून वंचित होतील, अशी त्यांची भूमिका ‘स्मृतिस्थळा’त नोंदलेली आहे. येथे जपानशी असलेले साम्य लक्षणीय आहे. प्रतिष्ठित परभाषा बाजूला ठेवून स्त्रियांना कळेल अशा भाषेत वाङ्मय निर्माण करणे, ही घटना क्योटोच्या दरबारात आणि रिद्धपूरच्या मठात सुमारे तीन शतकांच्या अंतराने घडली.

पुढची वाट मात्र वेगळी झाली. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत नष्ट झाली आणि पंथीयांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली, अशी परंपरा आहे. त्यानंतर ‘सह्याद्रिवर्णन’कार रवळोबास यांच्या नावे सांगितली जाणारी सकळ लिपी प्रचारात आली. पुढे सुंदरी, अंक, वज्र, सुभद्रा इत्यादी सांकेतिक लिप्याही वापरात आल्या. सकळ लिपीत नागरी अक्षरांच्या जागी ठरावीक नियमाने दुसरी अक्षरे व चिन्हे येतात. किल्ली ठाऊक असणाऱ्याला ती सहज वाचता येते, इतरांना ती निरर्थक दिसते. पवित्र वचनांचा अनधिकाऱ्याकडून होणारा दुरुपयोग टाळणे आणि पाठात बाहेरच्या हाताने फेरफार होऊ न देणे, अशी दोन कारणे अभ्यासकांनी दिली आहेत.

या लिप्यांविषयी मराठी समीक्षेत साधारणतः तक्रारीचा सूर आढळतो. मराठीतील आद्य गद्य सहा शतके कुलपात राहिले, त्यामुळे मराठी गद्याच्या विकासाला ते उपयोगी पडले नाही, असा तो सूर आहे. त्यात तथ्य आहे. वि. का. राजवाडे आदी संशोधकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या लिपीची उकल केली, यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांनी १९२५ मध्ये ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. आणि बुलढाणा जिल्ह्यात जन्मलेल्या वि. भि. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केले. तोवर मराठी वाचक या वाङ्मयास पारखाच होता. तथापि तक्रारीची दुसरी बाजू क्वचितच मांडली जाते. ही लिपी गुरूकडून शिष्याकडे अखंड शिकविली गेली, म्हणूनच पंजाब आणि त्याही पलीकडे पसरलेल्या पंथाच्या मठांतून मराठी ग्रंथ मराठीतच वाचले जात राहिले. कुलूप होते, पण किल्लीही पिढ्यान्‌पिढ्या सोपविली जात होती. सहा शतके एखादा पाठ जिवंत राहण्यास हीच गोष्ट कारणीभूत ठरली.

‘मोडी’ या नावाची उकल :

सकळ लिपी मठात राहिली; मोडी गावोगावच्या दप्तरात पोहोचली. निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या दुअमलीत, १८५३ नंतर इंग्रजांच्या ताब्यात आणि १९०३ पासून मध्य प्रांताच्या जोडीने अशा बदलत्या राजवटींत वऱ्हाडातील देशमुख, देशपांडे आणि पटवारी यांच्या हातची मोडी चालूच राहिली.

मोडीचे तंत्र तिच्या कामाने ठरविले. प्रथम पानभर शिरोरेषा ओढून घेतली जाते आणि नंतर अक्षरे तिला लटकविली जातात. बोरू शक्यतो उचलायचा नाही, म्हणून अक्षराचा शेवट पुन्हा रेषेकडे वळतो आणि पुढच्या अक्षराची सुरुवात होतो. ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद सोडून दिलेला असतो, विरामचिन्हे नसतात, शब्दांमध्ये अंतर नसते. हिरागानाच्या जोडलेखनातही हेच तत्त्व आहे. फरक एवढाच, की तेथे कुंचला वरून खाली वाहतो आणि दाब कमी-अधिक करून रेषेची जाडी बदलतो, तर मोडीत तिरक्या कापाचा बोरू डावीकडून उजवीकडे धावतो.

या लिपीला ‘मोडी’ हे नाव का पडले, याबद्दल एक मत राजवाड्यांच्या नावाशी जोडले जाते. फारसीतील जलद लिपीला ‘शिकस्ता’ म्हणतात. शिकस्ता म्हणजे मोडलेली. तेव्हा मोडी हे शिकस्ताचे भाषांतर असून ही लिपी मुसलमानी राजवटीत, कागदाच्या आगमनानंतर रूढ झाली असावी, असे ते मत आहे. तर्क आकर्षक आहे. परंतु जपानी उदाहरण समोर ठेवले की त्याचा पाया डळमळतो. जपानी भाषेत जलद, वळणदार हस्ताक्षराला ‘कुझुशिजी’ म्हणतात. ‘कुझुसु’ म्हणजे मोडणे, ढासळविणे, आणि ‘जी’ म्हणजे अक्षर. कुझुशिजी म्हणजेही मोडलेली अक्षरे. जपानी लेखकांनी हे रूपक फारसीतून घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ठाशीव अक्षर हे पूर्ण आणि जलद अक्षर हे त्याचे मोडलेले रूप, ही कल्पना जेथे जेथे दोन्ही प्रकार शेजारी नांदतात तेथे स्वतंत्रपणे सुचू शकते. तेव्हा केवळ नावाच्या साम्यावरून मोडीचा उगम किंवा काळ ठरविणे योग्य नव्हे. मोडीवर फारसी दप्तराचा प्रभाव पडलाच नाही, असा याचा अर्थ नाही. मजकुराच्या मांडणीत आणि शब्दसंग्रहात तो उघड दिसतो. फक्त त्याचा पुरावा नावाखेरीज अन्यत्र शोधावा लागेल.

जनकाच्या कथा :

मोडीचा जनक म्हणून यादवांचा करणाधिप हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याचे नाव घेतले जाते. त्याने ती लंकेहून आणली, अशीही आख्यायिका आहे. जपानात हिरागानाचा जनक म्हणून हजार वर्षे कूकाईचे नाव घेतले गेले. दोन्ही ठिकाणी आधुनिक संशोधनाने या श्रेयास पुष्टी दिलेली नाही. हिरागाना अनेक पिढ्यांच्या लेखनातून हळूहळू झिजत घडली. एका ध्वनीसाठी अनेक पर्यायी चिन्हे दीर्घकाळ चालत राहिली, हाच त्याचा पुरावा आहे. मोडीच्या बाबतीतही शिवकालीन, पेशवेकालीन, आंग्लकालीन अशी रूपे आणि चिटणिशी, बिवलकरी, रानडी अशी वळणे आढळतात. एका व्यक्तीने एका बैठकीत केलेल्या वस्तूचे हे लक्षण नव्हे.

येथे एक भेद करणे आवश्यक आहे. सांकेतिक लिपी निर्माण करावी लागते; जलद लिपी घडत जाते. सकळ लिपीचा कर्ता रवळोबास होता हे परंपरेचे म्हणणे स्वभावतः संभवनीय आहे, कारण अक्षरांची अदलाबदल कोणीतरी बसून ठरविल्याशिवाय होत नाही. मोडीचा कर्ता हेमाडपंत होता हे म्हणणे स्वभावतःच असंभवनीय ठरते. हेमाडपंताने दप्तरातील लेखनाला शिस्त लावली असेल, एवढेच फार तर मान्य करता येईल. मराठी लिपिविषयक लेखनात या दोन्ही विधानांना सारखेच वजन दिले जाते, ते दुरुस्त व्हावयास हवे.

ग्रंथ आणि दप्तर :

आता मुख्य प्रश्न. हिरागाना एका राष्ट्राची लिपी झाली आणि मोडी विस्मरणात गेली, असे का घडले? छपाईमुळे मोडी गेली, हे प्रचलित उत्तर आहे. ते अपुरे आहे. मोडीचा टाइप पाडणे अशक्य नव्हते. विल्यम केरी याच्या १८१० मधील मराठी कोशात मराठी शब्द मोडी टाइपातच छापले आहेत. जपानी जोडाक्षरांचे टाइप पाडणे तर त्याहून कठीण होते. तेथे दीर्घकाळ लाकडी ठशांनी छपाई होत राहिली आणि वळणदार लिपी त्या ठशांवर जशीच्या तशी उतरली.

खरे कारण कामाच्या विभागणीत आहे. मराठीत ग्रंथासाठी बाळबोध आणि दप्तरासाठी मोडी अशी वाटणी शतकानुशतके होती. ज्ञानेश्वरी, गाथा, पुराणे बाळबोधीत. पत्रे, ताळेबंद, वतनपत्रे, वाटणीपत्रे मोडीत. मोडीला स्वतःचे ललित वाङ्मय नव्हते. हिरागानात मात्र प्रेमपत्र, दैनंदिनी, कविता आणि कादंबरी एकाच हाताने लिहिली गेली. व्यवहार आणि वाङ्मय यांची लिपी एकच झाली. त्यामुळे शासनाचे नियम बदलले तरी ती लिपी वाचण्याची ओढ वाचकाला राहिली. मोडीचे अस्तित्व दप्तरावर अवलंबून होते. शासनाने बाळबोध स्वीकारली आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतून मोडी बंद झाली, तेव्हा तिला धरून ठेवणारा एकही ग्रंथ नव्हता.

सकळ लिपीची स्थिती नेमकी उलट होती. तिच्याजवळ श्रेष्ठ वाङ्मय होते, पण दप्तर नव्हते आणि खुले शिक्षण नव्हते. तिची किल्ली प्रसिद्ध होऊन ग्रंथ नागरीत छापले गेले, तेव्हा तिचे प्रयोजन संपले. वऱ्हाडातील या दोन लिप्यांपैकी एकीजवळ व्यवहार होता, दुसरीजवळ वाङ्मय. दोन्ही एकत्र कोणाजवळच नव्हते.

कला टिकली, वाचन गेले :

येथपर्यंतच्या विवेचनावरून जपानने सर्व काही जपले आणि आपण सर्व काही गमावले, असा निष्कर्ष काढला जाण्याची शक्यता आहे. तो चुकीचा ठरेल. १९०० मध्ये जपानच्या शिक्षणखात्याने प्रत्येक ध्वनीसाठी एकच कानाचिन्ह शाळेत शिकवावे, असा नियम केला. उरलेली पर्यायी चिन्हे ‘हेंताइगाना’, म्हणजे भिन्नरूपी काना, ठरली. एका शतकात परिणाम दिसला. आज जपानी शाळांत तिसऱ्या इयत्तेपासून कुंचल्याने अक्षरे लिहिण्यास शिकवितात, अक्षरलेखनाच्या स्पर्धा आणि प्रदर्शने भरतात; परंतु आपल्या आजोबा-पणजोबांची कुझुशिजीतील पत्रे सामान्य सुशिक्षित जपानी माणसाला वाचता येत नाहीत. त्यासाठी तेथील संशोधकांना २०२१ मध्ये ‘मिवो’ नावाचे यंत्रवाचक ॲप तयार करावे लागले. अक्षराचे सौंदर्य जपले गेले. अक्षराचा अर्थ मूठभरांच्या हाती राहिला.

वऱ्हाडासाठी इशारा आहे तो हाच. महाराष्ट्रात गेल्या काही दशकांत मोडीच्या सौंदर्याकडे पुन्हा लक्ष गेले आहे. अच्युत पालव यांनी मोडीच्या वळणांतून आधुनिक देवनागरीसाठी नवी अक्षररूपे शोधली. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. हे कार्य मोलाचे आहे. परंतु भिंतीवर शोभणारी मोडी आणि कपाटात पडलेली मोडी या भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचा सन्मान झाला म्हणजे दुसरी वाचली जाते, असे नाही.

आणि दुसरी वाचली जाण्याची गरज केवळ इतिहाससंशोधकाची नाही. जातपडताळणीसाठी अर्जदाराला जुने पुरावे सादर करावे लागतात. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही मानीव दिनांकाची मर्यादा आहे. वऱ्हाडात अशा वेळी ‘कोतवाल बुका’ची नक्कल मागितली जाते. गावच्या कोतवालाने सांगितलेल्या जन्ममृत्यूंच्या या नोंदींपैकी अनेक जुन्या नोंदी मोडीत आहेत. वाटणी, खरेदीखत, वहिवाट यांचे वाद चालतात, तेव्हाही तेच. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची निकड सर्व महाराष्ट्राला जाणवली. एका ओळीच्या वाचनावर एखाद्या विद्यार्थ्याचा प्रवेश अवलंबून असतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्दांत अंतर नाही, अक्षरे परस्परांसारखी दिसतात. तेव्हा अर्धवट शिकलेल्या वाचकाची चूक ही केवळ विद्वत्तेची चूक राहत नाही.

यंत्रावर सर्व भार टाकता येईल, असेही नाही. मोडी आणि सिद्धम् या दोन्ही लिपींना युनिकोडच्या एकाच, म्हणजे ७.० या आवृत्तीत, जून २०१४ मध्ये स्थान मिळाले. त्यामुळे मोडी मजकूर संगणकात साठविण्याची सोय झाली. परंतु युनिकोड अक्षराला क्रमांक देते. पटवाऱ्याच्या घाईच्या हातातील अक्षर ओळखत नाही. जपानी यंत्रवाचकालाही प्रथम माणसांनी वाचून दिलेली पाने पुरवावी लागली. यंत्राला शिकविण्यासाठीसुद्धा आधी वाचणारी माणसे लागतात.

समारोप :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) मोडीच्या उगमाविषयीची हेमाडपंताची कथा आणि कानाच्या उगमाविषयीची कूकाईची कथा या एकाच जातीच्या आहेत. निर्माण केलेली सांकेतिक लिपी आणि वापरातून घडलेली जलद लिपी यांत भेद केला पाहिजे.

२) ‘मोडी’ हे नाव ‘शिकस्ता’चे भाषांतर असल्याचा तर्क नामसाम्यापलीकडील पुराव्याशिवाय स्वीकारता येत नाही, ‘कुझुशिजी’ या जपानी संज्ञेतही तेच रूपक स्वतंत्रपणे आले आहे.

३) लिपी टिकते ती वाङ्मय, व्यवहार आणि अध्यापन यांच्या एकत्र आधारावर. वऱ्हाडातील सकळ आणि मोडी या लिप्यांना हे तीनही आधार एकाच वेळी लाभले नाहीत.

४) अक्षरकलेचे जतन म्हणजे वाचनक्षमतेचे जतन नव्हे. जपानच्या अनुभवावरून हे स्पष्ट होते.

रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन करण्याचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि २०२४ मध्ये डॉ. अविनाश आवलगावकर हे त्याचे पहिले कुलगुरू झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अभिजातपणाचा पुरावा म्हणून ज्या पोथ्या आणि ताम्रपट पुढे केले जातात, ते वाचू शकणारा विद्यार्थी तयार होणे ही त्या दर्जाची पहिली कसोटी होय. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतील मराठी आणि इतिहास या विभागांना त्यासाठी वेगळ्या इमारतीची किंवा मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. जवळच्या गावातील कोतवाल बुकाची चार पाने, आश्रमातील एका पोथीची छायाप्रत आणि आठवड्याचा एक तास एवढ्याने आरंभ होऊ शकतो. सकळ लिपी सहा शतके टिकली ती गुरूने शिष्याला समोर बसवून किल्ली दिली म्हणून. महानुभावांनी बंद दाराआड जे केले, तेच आता महाविद्यालयाच्या उघड्या वर्गात व्हावयास हवे.